मोटारींची उतरंड आणि एसटीची रांग

२०२५ या एकाच वर्षात दोन निर्णय झाले. जानेवारीच्या अखेरीस राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. आणि २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील कराचा बोजा, जो उपकर धरून २९ ते ३१ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. मोठ्या मोटारींनाही सवलत मिळाली. त्यांच्यावर उपकरासह ४५ ते ५० टक्के कर पडत असे, तो ४० टक्क्यांवर आला. पहिला निर्णय मुंबईत झाला, दुसरा दिल्लीत. दोहोंची कारणे वेगळी आणि दोन्ही सरकारांच्या सबबीही वेगळ्या. परंतु संगमेश्वर वा लांजा तालुक्यातील वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाच्या दारात हे दोन्ही निर्णय एकत्रच येऊन उभे राहतात, आणि त्यांचा मिळून अर्थ एकच होतो: बाबांनो, एसटीच्या रांगेतून बाहेर या आणि मोटारीच्या जिन्यावर चढा.

या जिन्याची बांधणी कशी झाली आहे हे पाहणे अगत्याचे आहे. कारण मोटारीच्या प्रश्नावर डाव्या वर्तुळांत बहुधा चंगळवादाच्या निषेधापलीकडे चर्चा जात नाही, आणि तो निषेध रत्नागिरी जिल्ह्यात तरी अर्ध्यावरच लागू पडतो. येथील वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. एसटीची शेवटची फेरी चुकली की माणूस अडकला. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला तेव्हा तर ती फेरीही नव्हती. ज्या घरातून आजारी माणसाला अपरात्री जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे असते, त्या घराला ‘मोटार ही चैन आहे’ असे सांगणे हा शहरी शहाणपणा होय. चार चाकांची गरज खरी आहे. प्रश्न असा की, या खऱ्या गरजेचे रूपांतर वरच्या, आणखी वरच्या आणि सर्वांत वरच्या मोटारीच्या ओढीत कोण करतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

हे कौशल्य अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले. हेन्री फोर्डने १९०८ पासून एकच एक ‘मॉडेल टी’ काढली, दरवर्षी तिची किंमत उतरवीत नेली आणि कामगाराच्या आवाक्यात मोटार आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. परंतु विशीच्या दशकाच्या मध्यास ज्याला गाडी घेणे शक्य होते त्याच्याकडे ती आलेली होती. आता विकायचे कोणाला? १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी यावर दिलेले उत्तर साऱ्या उद्योगाने पुढे आपलेसे केले. त्यांनी कंपनीच्या पाच नाममुद्रांची उतरंड रचली. तळाशी शेव्हरले, तिच्यावर ओकलँड (जिची जागा पुढे पाँटिअॅकने घेतली), मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि शिखरावर कॅडिलॅक. प्रत्येक गाडीची किंमत आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी ठेवायची, म्हणजे खालच्या पट्ट्यातील गिऱ्हाइकाला वाटावे की थोडेच पैसे जास्त घातले की आपण वरच्या गाडीत बसतो. जोडीला १९१९ मध्येच स्थापन केलेली कर्जपुरवठा कंपनी, जुनी गाडी परत घेण्याची सोय आणि दरवर्षी बदललेले रूप. फोर्डची गाडी झिजून जुनी होत असे; स्लोन यांची गाडी शेजाऱ्याने नवी आणली की जुनी होई.

यात काही गुपित होते असेही नाही. याच कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ मध्ये एका व्यापारी मासिकात लेख लिहिला, त्याचे शीर्षकच ग्राहकाला असमाधानी ठेवा अशा आशयाचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला हा निव्वळ योगायोग मानला तरी, असमाधान हे उत्पादनाचे इंधन आहे ही कबुली कारखान्याच्या आतून आलेली आहे हे विसरता येत नाही. मागणी माणसाच्या गरजेतून निघते आणि कारखाना तिची पूर्तता करतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके शिकवितात. गालब्रेथ यांनी १९५८ मध्ये हा क्रम उलटा करून दाखविला: वस्तू निर्माण करणारी यंत्रणाच त्या वस्तूची वासनाही निर्माण करते. मोटार उद्योगाइतका या विधानाचा स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

मुंबईला या उतरंडीची ओळख लवकर झाली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. पण स्वातंत्र्यानंतरच्या परवाना पद्धतीत उतरंड उरलीच नाही. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, कलकत्त्याची अॅम्बॅसॅडर, मद्रासची स्टँडर्ड. इतकीच निवड होती. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाही आणि कारखानदार त्याला तेच जुने यंत्र नव्या वर्षी देई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती समता नव्हती, टंचाई होती. आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी किती वर्षे काढली हे जुन्या पिढीला सांगावयास नको. (त्याच चेतकचे नाव जानेवारी २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला मिळाले तेव्हा तिची किंमत लाखाच्या घरात होती. सामान्यांच्या आठवणीसुद्धा वरच्या पायरीवर विकता येतात!)

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, तेव्हा गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. ती गाडी शासकीय कंपनीची होती हे आज कोणाच्या ध्यानातही नाही. फोर्डच्या मॉडेल टीप्रमाणे तिने मध्यमवर्गाला मोटारीत बसविले. आणि स्लोन यांच्या धड्याप्रमाणेच तिच्यावर पायऱ्या चढू लागल्या: १९९३ मध्ये झेन, १९९४ मध्ये एस्टीम, २००० मध्ये अल्टो, २००५ मध्ये स्विफ्ट. २००१ मध्ये कंपनीने जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही आपल्या छत्राखाली आणली, म्हणजे एक पायरी सोडणाऱ्याला दुसरी पायरी त्याच दारात मिळावी.

परंतु एक अडचण होती. मारुती हे नाव स्वस्त, काटकसरी गाडीशी इतके जोडले गेले होते की बारा-पंधरा लाख खर्चणाऱ्याला त्या नावाची लाज वाटू लागली. २०११ मध्ये आणलेली महागडी किझाशी गाडी चांगली असूनही खपली नाही. तेव्हा कंपनीने जुलै २०१५ मध्ये गाडीपेक्षा दुकान बदलले. ‘नेक्सा’ या नावाची निराळी दालने, निराळी सजावट, निराळ्या अदबीने बोलणारे विक्रेते. मारुतीची पाटी तेथे दुय्यम. त्याच वर्षी तेथे बलेनो आली. तिचे पेट्रोल इंजिन जुन्या दालनात मिळणाऱ्या स्विफ्टच्याच घराण्यातले. २०१७ मध्ये जुन्या दालनांनाही ‘अरीना’ हे नवे नाव मिळाले, म्हणजे खालच्यांनाही आपण खाली आहोत असे वाटू नये. उतरंड मात्र कायम. पुढे २०१९ मध्ये हीच बलेनो टोयोटाचे चिन्ह लावून ‘ग्लान्झा’ या नावाने विकली जाऊ लागली. एक गाडी, दोन चिन्हे, दोन प्रतिष्ठा.

चाकणचा अनुभव याहून वेगळा नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या फोक्सवागनच्या कारखान्यात २०१० मध्ये व्हेंटो आणि पुढल्याच वर्षी तिचीच बहीण स्कोडा रॅपिड निघाली. आज व्हर्टस आणि स्लाव्हिया निघतात. सांगाडा तोच, इंजिने तीच, कामगार तेच. त्या कामगाराला दोन गाड्यांसाठी दोन वेतनश्रेणी मिळत नाहीत. फरक त्याच्या हातून गाडी सुटल्यानंतर, दालनाच्या काचेआड निर्माण होतो. मूल्य श्रमातून निर्माण होते असे मानणाऱ्यांनी या काचेचा विचार अधिक गांभीर्याने करावयास हवा. कारण या मूल्याचा मोठा हिस्सा आता यंत्राच्या नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या मनाच्या जुळणीतून वसूल केला जातो.

याच्या नेमके उलट घडले ते नॅनोच्या बाबतीत. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी लाख रुपयांची गाडी दाखविली. पावसात एका स्कूटरवर चौघे भिजत जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली असे त्यांनी सांगितले होते, आणि ते कुटुंब कोकणात तर दर पावसाळ्यात दिसते. त्याच वर्षी त्यांच्याच कंपनीने २.३ अब्ज डॉलर देऊन जॅग्वार व लँड रोव्हर घेतल्या: एकाच घराने उतरंडीचे तळ आणि टोक एका वर्षात हाती धरले. टोक टिकले, तळ बुडाला. २०१८ मध्ये नॅनो थांबली. सिंगूरहून साणंदला जावे लागले, काही गाड्यांना आगी लागल्या, लाखाची किंमतही लाखावर राहिली नाही. ही सारी कारणे खरीच. तथापि खुद्द टाटांनी नंतर मान्य केले की ‘सर्वांत स्वस्त’ अशी तिची ओळख होणे हेच तिला भोवले. आपली गाडी सर्वांत स्वस्त आहे असे दारात उभी करून कोण जगाला सांगेल? गणेशोत्सवात गावी येणाऱ्या चाकरमान्याची मोटार ही केवळ वाहन नसते; मुंबईत आपले बरे चालले आहे, हे वाडीला सांगणारे ते प्रमाणपत्र असते. पूर्वी हे काम पत्र्याची ट्रंक आणि टेपरेकॉर्डर करीत. उद्योगाने नॅनोपासून धडा घेतला तो हा की, गरिबाला गाडी विकायची तर तो गरीब आहे हे त्याला आठवू द्यायचे नाही.

आता पायरी चढविण्याची प्रत्यक्ष रीत पाहू. एकाच गाडीचे चार-पाच प्रकार असतात. सर्वांत खालच्या प्रकाराची किंमत जाहिरातीत मोठ्या अक्षरांत झळकते. पण मागल्या काचेचा वायपर, गाणी ऐकण्याचा पडदा, बरी चाके अशा बाबी नेमक्या तिच्यातून वगळलेल्या असतात. गिऱ्हाईक दालनात शिरतो तो या किमतीच्या ओढीने. बाहेर पडतो तो मधल्या वा वरच्या प्रकाराची नोंदणी करून. विक्रेता दीड लाख अधिक लागतील असे म्हणतच नाही. तो म्हणतो, महिन्याला चोवीसशेच वाढतील. हिशेब खोटा नाही. दीड लाखाचे वाढीव कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,४१० रुपये पडतो. एकूण फेड मात्र दोन लाख दोन हजारांवर जाते, आणि सात वर्षांनी ती गाडी बदलण्याची वेळ झालेली असते. आंब्याचे उत्पन्न एका वर्षी येते, एका वर्षी अवकाळी पाऊस घेऊन जातो. मच्छीमाराचा हंगाम वाऱ्यावर. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. उत्पन्न ऋतूंचे आणि कर्ज महिन्याचे, या विसंगतीची जबाबदारी दालनात कोणीही घेत नाही.

गाणी आणि चाके यांपुरतेच हे मर्यादित असते तर तक्रार सौम्य ठेवता आली असती. परंतु उतरंडीच्या पायऱ्यांत एके काळी माणसाचा जीवही मांडलेला होता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची धडक-चाचणी प्रसिद्ध केली. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि चाकणची पोलो. तपासलेल्या साऱ्या गाड्या एअरबॅग नसलेल्या मूळ प्रकाराच्या होत्या, आणि मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. एअरबॅग बसविलेल्या पोलोची चाचणी झाली तेव्हा निकाल पुष्कळच सुधारला, आणि फोक्सवागनने एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले. याचा अर्थ स्पष्ट आहे. जीव वाचविणारी वस्तू कारखान्यात उपलब्ध होती; ती फक्त वरच्या पायरीवर ठेवलेली होती. महामार्गावरील अपघात गाडीचा प्रकार विचारून होत नाही.

ही पायरी बाजाराने नव्हे, कायद्याने मोडली. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि १ जानेवारी २०२२ पासून शेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व मोटारींना सक्तीची झाली. तळच उचलला गेला.

याविरुद्ध उद्योगाचा युक्तिवाद आहे आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचे म्हणणे असे की, सुरक्षेच्या व प्रदूषणाच्या नियमांनी लहान गाडी महाग झाली आणि स्कूटरवरून मोटारीकडे येणारा माणूस तेथेच थांबला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सांगितले की, वर्षाला बारा लाखांहून अधिक मिळविणारी कुटुंबे जेमतेम १२ टक्के आहेत आणि मोटारींची बाजारपेठ मुख्यतः तेवढ्यांपुरती उरली आहे. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. २०१५-१६ मध्ये पाच लाखांखालील नऊ लाखांहून अधिक गाड्या खपल्या होत्या. २०२४-२५ मध्ये त्या पंचवीस हजारांच्या आसपास आल्या. अल्टो ८०० सुद्धा २०२३ मध्ये बंद झाली. त्याच २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी जवळजवळ ६५ टक्के वाहने उंच, रुंद, ‘एसयूव्ही’ वर्गातील होती.

नियमांनी किंमत वाढली हे खरे. पण खालच्या पायरीवर नफा पातळ आणि वरच्या पायरीवर जाड, म्हणून कारखान्यांनी आपले भांडवल, जाहिरात आणि नवी मॉडेले वर हलविली, हेही तितकेच खरे. मागणी वाट बदलून आपसूक वर गेली नाही. जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्यावर वरच्या पायरीवर गर्दी दिसणारच. आणि ८८ टक्के कुटुंबे ज्या बाजारपेठेच्या बाहेर आहेत असे तिचा सर्वांत मोठा व्यापारी म्हणतो, त्या बाजारपेठेच्या सोयीने देशाच्या वाहतुकीचा विचार का व्हावा, हा प्रश्न त्या कबुलीतूनच निघतो. रत्नागिरीतल्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून अशी एक रुंद गाडी आली की, एसटीला मागे घ्यावे लागते. पन्नास माणसे एका माणसासाठी थांबतात.

उतरंडीचे टोक दाखवून माणसाला चढावयास लावणे ही एक रीत. तळ उचलणे ही दुसरी. या दुसऱ्या रीतीचे उदाहरण रत्नागिरीला परके नाही. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला, म्हणजे मुख्यतः डब्यावरील पाटी बदलली. लाकडी बाक तेच राहिले. मोटारीचे चिन्ह बदलून प्रतिष्ठा वाढविण्यासारखाच तो प्रकार होता. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी पाटीला हात न लावता बाकाला हात घातला: दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडाच्या फळीवर दोन इंचांची गादी आली. त्याच वर्षी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविरहित गाडी म्हणून धावली. कोणालाही वरच्या वर्गाचे तिकीट घ्या म्हणून सांगावे लागले नाही. ज्यांनी त्या गादीवर पाठ टेकली, त्यांतल्या बहुतेकांना मंत्र्याचे नावही ठाऊक नसेल.

आता रेल्वेच दालनाच्या वाटेने निघाली आहे. जून २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत आली, ती रत्नागिरीला थांबते, तिचे स्वागत झाले आणि व्हावयासही हरकत नव्हती. परंतु कोविडच्या काळात बंद पडलेली रत्नागिरी–दादर पॅसेंजर पुन्हा सुरू झाली ती दिव्यापर्यंतच. डोक्यावर बोचके घेऊन दादरला उतरणाऱ्या माणसाने दिव्याला उतरून लोकलमध्ये चढावे अशी योजना झाली. पनवेल ते इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या अपूर्णतेत एक पिढी मोठी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर कोकण रेल्वेने मोटारी वाहून नेणारी गाडी काढली: कोलाड ते गोव्यातील वेर्णा, एका फेरीत चाळीस मोटारी, प्रत्येक मोटारीला भाडे ७,८७५ रुपये, माणसांचे तिकीट निराळे. रस्ता चालण्याजोगा नाही म्हणून मोटार आगगाडीत बसली, आणि त्याच आठवड्यात त्याच मार्गावरच्या दुसऱ्या वर्गाच्या साध्या डब्यात पाय ठेवावयास जागा नव्हती.